मंगलाष्टकं चालू असताना आलेलं विमान

“कन्यादान चुलत्यानं केलं म्हणून काय झालं, पोरगी माझीच हाय की.”

ताईच्या लग्नाच्या संध्याकाळी आबा आईला असं म्हणाले. तोवर ताई सासरी निघून गेली होती.

आबांना जाऊन आज वर्ष झालं.

शाहूपुरीतल्या एका कारखानदार शेठकडे आबा ड्रायव्हर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेठ मुंबईहून स्वतःच्या छोट्या विमानानं यायचे. आल्यावर विमान गावावर एक घिरटी घालायचं. ती ऐकली की आबांनी गाडी काढायची आणि उजळाईवाडीची धावपट्टी गाठायची.

भरल्या ताटावरून उठायचे. अंघोळीतून अर्धे ओले निघायचे.

ताईच्या लग्नाला मात्र रजा होती.

मंगळवार पेठेत मांडव. मी आठ वर्षांची. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि डोक्यावर ती घरघर.

भटजींचा आवाज बुडाला. सगळं वऱ्हाड वर बघायला लागलं.

पत्रिका दिली होती, पण शेठ येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

“शेठ आलं! माझ्या पोरीच्या लग्नाला आलं!”

आई दबक्या आवाजात म्हणाली, “अवो, दुसऱ्या कुणाला तरी धाडा की.”

“आन् शेठनी उन्हात हुबं ऱ्हायचं व्हय?”

आबांनी मुठीतल्या अक्षता माझ्या हातात ओतल्या. “माझ्या वाटच्या तू टाक.”

“व्याही कुठं गेलं?” नवऱ्याच्या मामांनी विचारलं.

“विमान आणायला!” कुणीतरी ओरडलं. मांडव हसला.

कन्यादान काकांनी केलं.

शेठ आले, आहेर केला, फोटो झाले. धावपट्टीवर दिवे नव्हते, उजेड आहे तोवर उडायला हवं होतं. सोडायला अर्थात आबाच.

ताईची पाठवणी आबांविना झाली.

आबा जन्मभर सांगायचे, “शेठ विमानानं आलंतं माझ्या लेकीच्या लग्नाला!”

ताई उठून आत जायची.

माहेराहून परतताना ती त्यांना स्टँडवर कधीच येऊ द्यायची नाही. “तुमी नगा येऊ. मला सवय हाय.”

शेवटच्या आजारात आबांना भरवलं ते तिनंच. पण लग्नाबद्दल दोघं एक शब्द बोलले नाहीत.

आबा, नमस्कार करते. तुम्ही चुकलात म्हणायला अजून जीभ उचलत नाही. ताई चुकली, असंही नाही.

ताई, तू हे वाचशील. संध्याकाळी घरी आलीस की आबांच्या फोटोसमोर एवढंच म्हण, की विमान आलं तेव्हा अंतरपाटामागं तुलाही क्षणभर अभिमान वाटला होता.

नाही म्हणशील, ठाऊक आहे.

खोटं का होईना, एकदा म्हण.