विसराळू स्टीरिओ आणि दोन व्याही

तर तो स्क्रू काही केल्या सापडेना. रेडिओवाले लेकीच्या गाडीत उताणे पडलेले, डोकं स्टिअरिंगच्या खाली, पाय दाराबाहेर अंगणात. बायको पायरीवर वाटाणे सोलत बसली होती.

"अहो, तोंडात आहे तुमच्या," ती म्हणाली.

"हा हुहरा आहे," रेडिओवाले म्हणाले.

"मग तिसरा कशाला काढलात?"

स्क्रू शेवटी त्यांच्याच शर्टाच्या खिशात निघाला. पण गंमत स्क्रूची नाहीच. गंमत अशी की एका महिन्यात तो स्टीरिओ त्यांनी तिसऱ्यांदा उघडला होता, आणि तरी दुखणं जागच्या जागी.

रेडिओवाले म्हणजे साधा माणूस नव्हे बरं. कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेले. खोक्याएवढं दुकान, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. पण कान असे की गिऱ्हाईक रस्त्यावर असतानाच त्याच्या काखोटीतला रेडिओ खरखरला, की हे आतून ओरडणार, "आवाजाचं बटण खराब झालंय, उद्या या!" स्क्रू सगळे खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यांत, मापाप्रमाणे. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा तिथला रेडिओ घरघरत होता. ह्यांनी चहा बाजूला ठेवला, रेडिओ उघडला आणि पाऊण तास मान वर केली नाही. मुलगी कशी आहे हे त्यांना कळलं ते एवढंच, की तिने टॉर्च हलू न देता धरला. बाहेर पडल्यावर आईला म्हणाले, "हात स्थिर आहे. चालेल." बायको हे अजून ऐकवते, आणि ऐकवताना खूशही होते.

पुढे टॉर्च लेकीकडे आला. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या बाजूला स्टुलावर उभी राहून टॉर्च धरायची. रेडिओवाल्यांच्या घरात लाड म्हणजे हाच. भांडण झालं, निकाल वाईट लागला, रडू आलं, की ते म्हणायचे, "ये, टॉर्च धर." आणि पोर शांत व्हायची.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. लेकीने जुनी गाडी घेतली, तेव्हा रेडिओवाल्यांनी तिला स्टीरिओ भेट दिला आणि स्वतःच्या हाताने बसवला. गाडी जुनी असल्यामुळे वेळ दाखवणारं घड्याळ म्हणून जे काही होतं, ते त्या स्टीरिओच्याच काचेवर. दोन-चार दिवसांत लेकीचा फोन. "बाबा, हा रोज सगळं विसरतो हो. रात्री स्टेशनं लावून ठेवली की सकाळी कोरा. घड्याळात बारा वाजलेले."

"आण रविवारी."

पहिल्या रविवारी फ्यूज घासला. दुसऱ्या रविवारी पिवळी वायर, जी स्टीरिओची आठवण जिवंत ठेवते, ती कापून पुन्हा झाळून घेतली. तिसऱ्या रविवारी मागचा वायरींचा जोडच नवीन घातला, तो हा स्क्रूवाला रविवार. आणि दर सोमवारी सकाळी फोन. "बाबा, परत विसरला."

एवढ्याने रेडिओवाले खचणारे नव्हते. बिघाड म्हणजे त्यांना पाहुण्यासारखा, दोन दिवस जास्त राहिला तर बिघडत नाही. त्यांना झोंबत होतं ते दुसरंच. फोनवर लेक पुढे म्हणायची, "पप्पा म्हणतात, घाई नको करू, बघतील तुझे बाबा."

पप्पा म्हणजे तिचे सासरे. रेडिओवाल्यांचे व्याही. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. अंगाने आडवा, बोलायला मोजका, आणि बोललाच तर डेपोच्या गोष्टी. लग्नानंतर वर्षभर लेक त्यांना 'ते' म्हणायची, तोवर रेडिओवाल्यांचं काही म्हणणं नव्हतं. मग एक दिवस फोनवर 'पप्पा' आलं. पप्पा भल्या सकाळी उठून माझी गाडी दहा मिनिटं सुरू करून ठेवतात. पप्पांनी चाकात हवा भरून आणली. पप्पा म्हणाले, क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. एका फोनमध्ये रेडिओवाल्यांनी अकरा 'पप्पा' मोजले. 'बाबा' दोनदा, त्यातला एक "ठेवू का बाबा?" मधला.

"तुम्ही मोजता?" बायकोने विचारलं.

"मोजत नाही. कानावर पडतात."

"जळता तुम्ही."

"मी? त्या बसवाल्यावर? त्याला पिवळी वायर कुठली आणि लाल कुठली ते कळतं का?"

"तेच म्हणते मी. जळता."

आणि एका गुरुवारी तर कहरच झाला. लेक सहज बोलून गेली, "काल पप्पांनी मागचा दिवा बदलला. मी टॉर्च धरला होता." रेडिओवाल्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि उगाच परसात जाऊन आले. तिथे काही काम नव्हतं. त्या दिवशी जेवणही अर्धंच झालं. स्टीरिओ गेला खड्ड्यात, पण टॉर्च? आता हे दुखणं आपणच शोधायचं आणि लेकीच्या डोळ्यांदेखत शोधायचं, नाहीतर पोर गेली ती कायमचीच त्या घरची झाली, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

संधी लवकरच आली. लेक आणि जावई तीन दिवस बाहेरगावी निघाले. रेडिओवाले म्हणाले, "गाडी माझ्याकडे ठेव. मुक्कामाला."

पहिल्या सकाळी तोंडही न धुता ते गाडीत जाऊन बसले. स्टीरिओ लावला. सगळी स्टेशनं जागेवर! घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर! दुसऱ्या सकाळीही तेच. रेडिओवाल्यांनी तिथेच बसून तासभर बातम्या ऐकल्या, मग गाणी, मग शेतकऱ्यांसाठी हवामानही ऐकलं, शेत नसताना.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "माझ्याकडे कसा शहाण्यासारखा वागतो. म्हणजे बिघाड यंत्रात नाही, बिघाड त्या घरात आहे. बसवाला काहीतरी चाळे करतो."

"कसले चाळे?"

"ते उद्या सांगतो."

उद्या उजाडला आणि गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक्. रेडिओवाल्यांनी बॉनेट उघडलं आणि वाकून बघतात तो काय, बॅटरीच्या एका टोकाला घट्ट बोल्ट नव्हताच. त्या जागी दोन कानांचा नट बसवलेला, पान्याशिवाय नुसत्या बोटांनी फिरवता येईल असा. आणि ते कान वापरून वापरून लख्ख झालेले.

रेडिओवाल्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. साखरपुड्याच्या जेवणात व्याही तासभर डेपोची गोष्ट सांगत होते आणि हे कंटाळून पेंगत होते, तीच ती गोष्ट. डेपोत गाडी लावली की बॅटरीची वायर सोडवून ठेवायची, सकाळी जोडायची. जन्माची सवय! बसवाला रोज लेकीच्या गाडीची वायर काढतो, वीज तुटते, स्टीरिओ सगळं विसरतो, आणि सकाळी हा गुपचूप जोडून मोकळा!

"सापडला!" ते असे ओरडले की बायको हातात पोळपाट घेऊनच बाहेर आली. "चोर सापडला! लाव त्यांना फोन. म्हणावं गाडी अडलीये, या जरा. आणि पोरगी दुपारी येतेच आहे. तिच्यासमोरच विचारतो."

"अहो, व्याही आहेत ते."

"म्हणून तर चहा पाजून विचारणार."

व्याही निघाले. त्यांना यायला अर्धा तास होता, आणि इथे रेडिओवाल्यांची कारागिरी आडवी आली. गाडी मेली होती ना? का मेली? हा प्रश्न चाळीस वर्षांत त्यांनी एकाही यंत्राला विचारायचा सोडला नव्हता. त्यांनी जुना काट्याचा मीटर आणला आणि बॅटरीची वायर सोडवून मधे जोडला. सगळे दिवे बंद, चावी खिशात. अशा वेळी काटा शून्याला झोपलेला हवा. काटा उठून बसला.

कुणीतरी वीज पीत होतं. रेडिओवाल्यांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिव्यांचा काढला, काटा तसाच. हॉर्नचा काढला, तसाच. मग स्टीरिओचा काढला, आणि काटा निमूटपणे खाली जाऊन झोपला.

रेडिओवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते हळूच गाडीत शिरले, स्टीरिओ बाहेर ओढला आणि लाल वायर बघितली. लाल वायर चावीच्या खटक्याला जोडायची असते, चावी काढली की स्टीरिओ झोपावा म्हणून. ती त्यांनी पिवळीबरोबर थेट बॅटरीलाच जोडली होती. चुकून नव्हे, मुद्दाम. जावयाच्या ऑफिसबाहेर लेक वाट बघत बसते, तेव्हा तिला चावी न फिरवता गाणी ऐकता यावीत म्हणून. बटणाने बंद केला तरी तो डबा आतून जागाच राहणार आणि रात्रभर घोट घोट वीज पिणार, हे एखाद्या शिकाऊ पोऱ्यालाही सुचलं असतं. यांना लेकीच्या मायेपोटी सुचलं नाही. आणि तीन रविवार हे तोच डबा उघडून बसले होते. पण स्वतःच्या हातच्या जोडणीवर कोण शंका घेतो?

व्याही आले. वाकून मीटर बघितला, बाहेर लोंबणारी लाल वायर बघितली आणि नुसतं म्हणाले, "हं."

"तुम्हाला माहीत होतं?" रेडिओवाल्यांनी विचारलं.

"वायर कुठली ते नव्हतं माहीत. विजेला मी हात लावत नाही. पण तुमचा डबा बसला त्याच आठवड्यात दोनदा गाडी सकाळी उठली नाही. सूनबाई जागी व्हायच्या आत उतारावरून ढकलून सुरू केली. मग म्हटलं, रोज वायर सोडवलेली बरी."

"मला सांगायचं होतंत!"

"काय सांगू?"

"तिला तरी सांगायचं. मिस्त्रीकडे न्यायची."

व्याह्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मिस्त्री तिच्यासमोरच बोलला असता, कुणी जोडलंय हे म्हणून. गाडीत जो कुणी बसतो ना, त्याला ती आधी सांगते, हा माझ्या बाबांनी बसवलाय, यांच्यासारखा कारागीर नाही. दूधवाल्यालाही सांगितलंय. तुमचं ऐकून ऐकून माझे कान किटलेत साहेब. 'बाबा असं करतात, बाबा तसं करतात.' माझा मुलगाही माझ्याबद्दल असं कधी म्हणाला नाही. खोटं कशाला बोलू, राग यायचा तुमचा. ज्याची वायर चुकलीये त्याचं कौतुक, आणि मी अंधारात बॉनेट उघडतोय."

बायकोने चहा आणून ठेवला, दोघांची तोंडं बघितली आणि आत गेली. चहा निवला. मग रेडिओवाल्यांनी लाल वायर कापली, चावीच्या खटक्यापर्यंत ओढली आणि झाळली. व्याह्यांनी वायर धरली, डोळे मिटून, विजेची भीती म्हणून. मग शेजाऱ्यांच्या गाडीवरून वीज घेऊन इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात जावयाला घरी सोडून आलेली रिक्षा फाटकाशी थांबली आणि लेक उतरली. दोघे बाप एकाच गाडीत बघून तिला हसू फुटलं. बॅग तिथेच टाकून ती धावत आली, सीटवरचा टॉर्च सवयीने उचलला आणि आत वाकली.

"सापडलं? काय झालं होतं बाबा?"

रेडिओवाल्यांनी तोंड उघडायच्या आत व्याही घाईघाईने म्हणाले, "काही नाही गं, बॅटरी जुनी झालीये."

लेकीने बापाकडे बघितलं. रेडिओवाल्यांनी व्याह्यांकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या टॉर्चकडे, आणि म्हणाले, "खोटं बोलतात तुझे पप्पा. वायर मीच चुकीची जोडली होती, आणि ह्यांनी रोज बॉनेट उघडून माझी लाज झाकली. आता तो टॉर्च ह्यांच्याकडे दे, धरू देत जरा. आणि तू इकडे माझ्या बाजूला येऊन बस, स्टेशनं लावायची आहेत."