पौषातला समुद्र

लोक मे महिन्यात समुद्रावर जातात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आम्ही फुलं पिकवणारी माणसं. नाशिकच्या बाहेर मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा, त्यात शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. मे म्हणजे लग्नसराई, तेव्हा घरात कुणाला शिंकायला फुरसत नसायची. मार्गशीर्षातले गुरुवार उलटले, संक्रांत झाली, की मग पौषात लग्नं नसतात म्हणून फुलांना कुत्रं विचारत नसे. तेवढ्यात वडील आम्हाला एसटीत कोंबायचे आणि जव्हारमार्गे डहाणूकडे न्यायचे. शाळा चालू असायची, पण माझ्या बाईंच्या टेबलावर आदल्या दिवशी गुलाबाची जुडी पोचती झालेली असायची. त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही.

डहाणूच्या पुढे, गुजरातची हद्द लागायच्या आधी ते गाव. चिकूच्या वाडीत एक खोली, समोर सुरूची झाडं, झाडं संपली की समुद्र. ओहोटीला तो इतका आत जायचा की धाकटा भाऊ काळजीनं विचारायचा, आता परत येणार ना? किनाऱ्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. भर थंडीत, आठवड्याच्या मधल्या वारी कोण येणार मरायला? मला मात्र वाटायचं की समुद्र असतोच असा, रिकामा आणि आपला.

वडिलांचा तिथे एकच नियम होता, फुलाचं नाव काढायचं नाही. आईनं गजरा माळायचा नाही, देवालासुद्धा नुसता नमस्कार. एरवी आई वर्षभर उजाडायच्या आधी हार करायला बसायची, झेंडूनं तिची बोटं कायम काळपट पिवळी. तिथे ती काहीच करायची नाही. म्हणजे खरोखर काहीच नाही. वाळूत पाय पसरून बसायची, पदर घसरला तरी सावरायची नाही, चहा वडील आणून द्यायचे. मी तिला अशी बसलेली दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. मला ते गाव आवडायचं ते याच्यासाठी, शिंपले-बिंपले सगळं त्याच्यानंतर.

मग माझं लग्न झालं, मी शहरात पंचवटीत आले, वडील गेले, आणि जाणं सुटलं. मधे दोनदा नवऱ्याबरोबर गेले, तर दोन्ही वेळा नवीनच काहीतरी. एकदा निम्मे सुरू गायब आणि तिथे भजीच्या टपऱ्या. दुसऱ्यांदा वाळूत ढुर्रर्र करत फिरणाऱ्या चारचाकी गाड्या, आणि चिकूच्या वाडीच्या जागी मोठं रिसॉर्ट. मी एका माणसाला आमच्या खोलीच्या खाणाखुणा सांगत बसले होते. तो म्हणाला, बाई, तुम्ही उभ्या आहात तिथेच होती ती. मी खाली पाहिलं, तर फरशी. वाईट वाटलं, पण नक्की कशाचं ते सांगता येईना. खोलीला ना धड खिडकी होती, ना संडास.

पुढचं तर आणखीच विचित्र. समुद्राकाठी लग्न करायची टूम निघाली आणि त्या रिसॉर्टला फुलं लागायला लागली. कशी काय ओळख निघाली देव जाणे, पण ते काम माझ्या भावाला मिळालं. आता आमच्याच मळ्यातली शेवंती टेम्पोत बसून त्याच रस्त्यानं जव्हारवरून जाते. हार करणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायला आईसुद्धा जाते, सत्तरी ओलांडली तरी. भाऊ म्हणाला, "ताई, तिला काय, मजाच आहे. समुद्राची हवा मिळते." मला पटलं. मीही शेजारणीला ऐटीत सांगायचे, आमची आई काय बाई, सारखी समुद्रावर असते.

गेल्या दिवाळीत आई माझ्याकडे आली होती. मी आपलं सहज विचारलं, "सुरू किती उरलेत गं आता?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "आम्ही मागच्या दारानं जातो. तिथं पत्र्याची शेड हाय. समुद्र पुढच्या अंगाला."

"म्हणजे तू समुद्र बघितलाच नाहीस?"

"आवाज येतो ना."

माझं डोकंच सरकलं. भावाला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी कुठे तिला बांधून ठेवलंय? मी नको म्हणतो, तर तीच आधी टेम्पोत जाऊन बसते." त्याचंही खोटं नव्हतं. मग चिडायचं कुणावर? रिसॉर्टवर चिडावं, तर ते आमचीच फुलं घेतं. स्वतःवर चिडावं, तर मी काय केलं होतं? वडील असते तर त्यांनी टेम्पो मागे फिरवला असता की खूश झाले असते, तेही कळेना. एवढंच ठरवलं की आईला तिचे ते दिवस परत द्यायचे. पुढच्या दारानं न्यायचं, वाळूत बसवायचं, आणि फुलाचं नाव काढायचं नाही.

मुद्दाम पौष निवडला, म्हणजे लग्नाबिग्नाची कटकट नको. त्याच रिसॉर्टमध्ये खोली घेतली, आमची जागा तीच ना शेवटी. गाडी मीच चालवली. फाटक दिसल्याबरोबर आई म्हणाली, "डावीकडून घे, पुढून सोडत नाहीत." मी म्हटलं, "आज सोडतात." पहारेकऱ्यानं तिला ओळखलं, "मावशी, आज कुणाचं लग्न?" आई इतकी संकोचली की तिनं मलाच पुढे केलं. आत एका मुलीनं आमच्या गळ्यात स्वागताचे हार घातले. आईनं हार उलटून गाठ पाहिली आणि मला हळूच म्हणाली, "आपलाच हाय. परवा टेम्पोत धाडलेला. पाणी मारलं नाय नीट." मग तिनं तो काढला आणि त्या मुलीला फुलांवर पाणी कसं शिंपडायचं ते सांगत बसली. मी बॅग धरून उभी.

संध्याकाळी तिला वाळूवर नेलं. ओहोटी होती, समुद्र तसाच लांब गेला होता. सुरू मोजकेच, टपऱ्या भरपूर, पण त्या वेळी गर्दी नव्हती. मी तिला पाण्याकडे तोंड करून बसवलं, चहा आणून हातात दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काय अपेक्षा होती माझी, माहीत नाही. ती हसेल, नाहीतर वडिलांची आठवण काढून रडेल, काहीतरी होईल.

आई समुद्राकडे बघतच नव्हती. मान वळवून बाजूला बघत होती. तिथे वाळूत एक लोखंडी कमान उभी होती, नुसत्या नळ्या, कुठेकुठे सुतळीचे तुकडे अडकलेले.

"ही आमची कमान," आई म्हणाली. "एवढी उंच दिसती होय उभी केल्यावर?"

"तू नाही पाहिली कधी?"

"शेडमधी आडवी असती ना. आम्ही हार लावतो, पोरं उचलून इकडं आणतात. मग आम्ही निघतो. नाशकाला पोचायला उशीर होतो." चहा खाली ठेवून ती उठली, कमानीपाशी गेली, नळीवरून हात फिरवला. मला खालून वर दाखवायला लागली, इथं शेवंती, इथं निशिगंध, मधी लाल गुलाबाचं तोरण, ते माझ्या हातचं, बाकीच्या बायकांना जमत नाय. तिचा आवाज चढला होता. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि रडू येत होतं, आणि दोन्ही कशासाठी ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

"आई, समुद्र बघ ना," मी म्हटलं. जवळजवळ विनवलंच.

तिनं पाहिला. माझ्यासाठी, नीट, डोळ्यांवर हात आडवा धरून पाहिला. "छान हाय," म्हणाली. मग पुन्हा त्या रिकाम्या कमानीखाली जाऊन उभी राहिली, जिथे नवरानवरी उभे राहत असतील तिथे, आणि वर बघत म्हणाली, "मला आणायचंच होतं, तर एखाद्या लग्नाच्या दिवशी आणायचं होतंस गं."