दाराजवळचा पाट

सगळ्यांना वाढून झालं की वयनी दाराजवळच्या रिकाम्या पाटासमोर उभी राहायची. "भात वाढू?" असं विचारायची, जरा थांबायची, आणि आमच्याकडे वळून सांगायची, "नको म्हणतत."

परळच्या चाळीतली तिची खाणावळ. आम्ही सगळे कोकणातले गिरणीकामगार. मी तेवढा हजेरी लिहिणारा, म्हणून मला शहाणा समजत. तिचा नवरा दाजी गिरणीत गेला तो परत आलाच नाही. कोणी म्हणे बोटीनं गावी गेला, कोणी म्हणे दुसरं बिऱ्हाड केलं. थोड्याच दिवसांत वयनी सांगू लागली की त्याला कोणीतरी मारलं, तरी तो रोज जेवायला येतो, धोतर ओलं असतं आणि सावली पडत नाही. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आम्ही ठरवलं. आमटी फक्कड होती, त्यामुळे बाकी चौकशी कोणी केली नाही. फक्त दाजीचा गाववाला बाबल आपला पाट उचलून पार भिंतीशी जाऊन बसला. दाराशी वारा लागतो म्हणाला.

बेपत्ता माणसाच्या चौकशीला भोईवाड्यातून एक हवालदार आले. साताऱ्याकडचे, विधुर, मिशा मोठ्या आणि आवाज बारीक. चौकशी करता करता जेवले, आणि दुसऱ्या दिवशीही चौकशीला आले. अशी चौकशी तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल.

"मारणारा कोण, ते सांगतो का तो?" हवालदारांनी एकदा विचारलं.

"तेंका मागसून मारल्यानी. मागचो माणूस तेंका कसो दिसतलो?" वयनी म्हणाली. हवालदारांना ते पटलं.

पुढे त्यांनी पाट लावण्याचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, विचारलं. वयनी लाजली, चुलीतली लाकडं उगाच सारखी केली, आणि म्हणाली, "तेंका विचारतंय." दुसऱ्या दिवशी तिनं निरोप दिला, "तेंची ना नाय. हवालदार बरो माणूस, म्हणतत. पण मारणारो गावल्याबिगर आपण जावचे नाय." मग हलक्या आवाजात मला म्हणाली, "जिते असताना माझा कदी ऐकल्यानी नाय. मेल्यावर शाणे झाले."

जातीचे पंच मात्र दाजीपेक्षा हट्टी निघाले. नवरा जिवंत असेल तर आण, मेला असेल तर दाखव. त्याशिवाय पाट नाही. भुताचा होकार त्यांना चालेना. वयनीच्या कपाळी कुंकू तसंच राहिलं, दाजी दाराशी बसत राहिला, आणि हवालदार त्याच्या शेजारच्या पाटावर निमूट जेवत राहिले. खरं सांगतो, त्या दोघांच्या मध्ये वाढताना तिला पाहिलं की मला तिची दया यायची.

सर्वपित्री अमावास्येला गिरणीला सुट्टी होती. ज्यांना गावी जाता येत नसे त्यांच्या पितरांसाठी वयनीच रांधायची. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. चाळीमागच्या परसात जो तो आपापल्या माणसाची वाडी, म्हणजे पितराचं पान, ठेवून कावळ्याची वाट बघायचा. हवालदारांनीही पहिल्या बायकोच्या नावानं पान ठेवलं होतं. बाबलनं बापाचं पान ठेवलं, आणि जरा आडोशाला आणखी एक.

"ही दुसरी वाडी कोणाची रे?" मी विचारलं.

"मावशीची."

सगळ्या पानांवर कावळे तुटून पडले. मावशीच्या पानाकडे एकही फिरकेना. बाबल हात जोडून मावशीला काय काय कबूल करत होता. तेवढ्यात वयनी पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली आणि त्या पानाशी थबकली. वडे आमटीत कुस्करून लगदा केला होता. दाजीचे पुढचे दात पडलेले; वडे असे कुस्करून खाणारा आमच्या पंगतीत तो एकटाच.

"बाबल," ती म्हणाली, "ह्या माझ्या घोवाचा पान. सगळे माका येडी म्हणतत. ते मेले, ह्या तुका कोणी सांगल्यान?"

वयनीनं वर फांदीवरच्या कावळ्याकडे पाहिलं. "जेवा आता. गावलो."

कावळा उतरला आणि जेवला. बाबलनं तिथेच सगळं सांगून टाकलं. मुकादमी दाजीला मिळणार होती, म्हणून त्यानं मागून दांडा घालून त्याला गिरणीमागच्या तलावात ढकललं होतं. हवालदारांनी विचारलं, "मग वाडी कशाला ठेवलीस, मूर्खा?" बाबल दुखावला. "गाववालो माझो तो. पितृपक्षात तेका उपाशी ठेवू?"

हवालदारांच्या साहेबाला कावळ्याची साक्ष चालली नाही. तलावातून त्याच दुपारी निघालेली हाडं चालली.

त्या दिवशी चाळीत सगळे वयनीला शाबासकी देत होते. पंचही मान हलवून गेले. तिनं नेहमीसारखं रांधलं, वाढलं आणि दाराकडे बघत बसली. आमची पानं सुकली तरी उठली नाही.

"येवचे नाय आता," ती अखेर म्हणाली. "मेले तरी घरात होते हो. आज गेले." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती रडली, मोठ्यानं, पदराचं भान न ठेवता. बांगड्या तिनं स्वतःच उतरवल्या. हवालदार उंबऱ्याबाहेर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी पाटाची गोष्ट काढली नाही, पुढचं वर्षभरही काढली नाही. माझ्या मनातून तो माणूस कधी उतरला नाही तो त्यामुळे.

वर्षश्राद्ध झाल्यावर पाट लागला. वयनी भोईवाड्यात राहायला गेली आणि खाणावळ बंद झाली. आम्ही चिंचपोकळीला दुसरी शोधली. तिथली आमटी पाणचट होती, आणि पंगतीत सगळेच जिवंत होते. मला तिथे करमलं नाही.