आईनं पोसलेल्या मुंग्या

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. अशा मुलानं लगेच लिहायलाही बसावं, हे जरा जास्तच होतं, याची मला जाणीव आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकतो. घर हिवरखेडजवळ, संत्र्याच्या बागेत. मागे एकदा बाबांना गांधीलमाशी चावली, तेव्हा त्यांचा चेहरा सुजला आणि श्वास अडकला. अकोल्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून ते वाचले. तेव्हापासून बाबांना आयुष्य लाभावं म्हणून आई रोज सकाळी मुंग्यांना पीठ-साखर टाकते.

यंदा वर्गात सरांनी बाहेरच्या देशातून आलेल्या एका लाल मुंगीबद्दल शिकवलं. ती मातीचे भुसभुशीत ढीग करते. धक्का लागला की झुंडीनं अंगावर चढते, डंख मारते. जळजळ होते, पुळ्या येतात आणि ज्यांच्या अंगाला ते विष सोसत नाही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. मला बाबाच आठवले.

सुट्टीत घरी गेलो तर पाटाच्या कडेनं तसेच ढीग, आणि आई एकेका ढिगाशी वाकून पीठ टाकत होती.

"आई, थांब! ह्या विदेशी मुंग्या आयेत. बाबाले चावल्या त?"

"विदेशी असो का देशी, भूक त लागतेच ना बाप्पा!"

तेवढ्यात बाबा अनवाणीच आले. "काहून रे, कॉलेजात मुंग्यायचे पासपोर्ट पाहाले शिकवतात का?"

त्यांचा पाय ढिगापासून वीतभर अंतरावर होता. "बाबा, मांगं सरका!" म्हणत मी धावलो आणि स्वतःच ढिगात पाय घातला. पुढे जे झालं त्याला नाचणंच म्हणावं लागेल.

"पोरगं प्रॅक्टिकल करून राह्यलं," बाबा आईला म्हणाले.

माझ्या पायावरच्या पुळ्या पाहून आई मात्र घाबरली. मी म्हटलं, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवू. बाबा म्हणाले, "चावल्या तुले, मी काहून जाऊ?" आईची वेगळीच पंचाईत. पीठ टाकावं तर मुंग्या वाढतील, बंद करावं तर नवऱ्याचं आयुष्य घटेल. त्या दिवशी ती धड जेवलीही नाही.

चार मुंग्या बाटलीत घालून मी सरांकडे नेल्या. सरांनी भिंगातून पाहिलं. "बाहेरचीच आहे, पण आपल्याकडे येऊन पिढ्या झाल्या तिला. ढिगांचं नंतर बघू. वडिलांना आधी डॉक्टरांकडे पाठव."

मी तसं फोनवर कळवलं. बाबांनी "हो" म्हणून फोन ठेवला. त्यांचं "हो" मला माहीत आहे. माझं अभ्यासात लक्ष लागेना.

शेवटी आईचा फोन आला. "गेलते बाप्पा एकदाचे अकोल्याले! मी रडली तवा उठले. डॉक्टरनं काई चावलं का लागलीच घ्याची सुई लिहून देली, कशी टोचाची ते मलेबी शिकवलं. अन् बुटाशिवाय बागंत पाय ठेवाचा नाई म्हणे. आता तुये बाबा जेवालेबी बूट घालूनच बसून राह्यले!"