भिंतीवरची परकी माणसं

फ्रेमकाकांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी भिंतींकडे बघत राहायचा आणि मग चहाचा कप हातात घेऊन हळूच विचारायचा, "एवढे सगळे नातेवाईक तुमचे?" काका नुसतं हसायचे. खरं सांगायचं तर त्यातलं एकही माणूस त्यांच्या नात्यातलं नव्हतं.

फोटोला चौकट बसवली की ती लगेच गिऱ्हाईकाच्या हाती द्यायची नाही, ही काकांची रीत. कोपऱ्यांचे सांधे उघडायचेच असले तर सुरुवातीच्या आठवड्यात उघडतात, म्हणून नवी फ्रेम तेवढे दिवस भिंतीवर राहू द्यायची. दुकानाच्या भिंतींना ओल, तेव्हा ती घरी आणायची. आठवड्यानं गिऱ्हाईक न्यायला यायचं, आणि एखादं यायचंच नाही. आगाऊ पैसे मोजून माणसं स्वतःच्या लग्नाचा फोटो विसरतात, हे सांगून कुणाला पटत नाही. अशा विसरभोळ्यांनी जिना, बैठकीची खोली, स्वयंपाकघराच्या दारावरची जागा, सगळं भरून टाकलं होतं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. भिंतीवरची परकी बाळं मात्र गालाला खळी पाडून रोज हसायची, आणि काका येता-जाता त्यांच्याशी बोलायचे.

मग लोकांचे फोटो मोबाईलमध्ये जाऊन बसले आणि तिथून बाहेर यायचं नावच घेईनात. काकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की चौकटी कापायचं मोठं मशीन घ्या, धंदा पुन्हा उभा राहील. त्यांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं. मशीन आलं, गिऱ्हाईक आलं नाही. हप्ते भरता भरता नाकी नऊ आले, तेव्हा काकू त्यांना हाताला धरून वकीलबाईंकडे घेऊन गेल्या.

वकीलबाई वयानं लहान, पण बोलणं घोटीव. "काका, दिवाळखोरी म्हणजे काही बेड्या नाहीत. दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "पहिली अशी, की दुकान बंद करायचं, घर आणि मशीन विकून ज्याचं त्याला जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यायचं, उरलेलं कर्ज कोर्ट माफ करतं. हातची हत्यारं तुमचीच राहतात, ती कुणी नेत नाही. दुसरी वाट म्हणजे घर राखायचं आणि कोर्टानं बांधून दिलेले हप्ते कित्येक वर्षं भरायचे. एक चुकला की सगळंच गेलं. सोमवारी सांगा मला."

"घर राखायचं," काका तिथल्या तिथे म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ काकांनी आपल्या मनासारखा लावून घेतला. नवरे हे काम फार चांगलं करतात.

पण हप्ते भरणार कशातून? त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या काकांचा डोळा लागला. पडद्यातून पिवळं ऊन जमिनीवर सांडलं होतं. जिन्यावरचा टायवाला नवरदेव चौकटीतून पाय काढून अलगद खाली उतरला, मागोमाग त्याची बायको शालूचा घोळ सावरत आली. खळीवाली बाळं रांगत टेबलाखाली गेली. मिशीवाले एक आजोबा सोफ्यावर ऐसपैस बसले.

"हप्त्यांचीच वाट घ्या," नवरदेव म्हणाला. "घर गेलं तर आम्ही जायचं कुठे?"

"यांना हप्ते झेपणार का, ते तरी विचार," त्याची बायको म्हणाली.

मिशीवाल्या आजोबांनी तोंड उघडलं, इतक्यात दारावरची बेल वाजली. वाट कुठलीही घेतली तरी घराची किंमत लागणारच होती, ती ठरवायला कोर्टाकडून माणूस आला होता. त्यानं खोल्या मोजल्या, कपाटं उघडून पाहिली आणि भिंतीकडे पेन रोखून विचारलं, "हे सगळे कुणाचे?"

काका अजून अर्धे स्वप्नातच होते. "आमचेच," ते म्हणाले. त्यानं तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. "काका, फोटो तुमचे म्हणून लिहिलेत. म्हणजे कुठलीही वाट घेतलीत तरी त्यांचा हिशोब तुमच्या मालमत्तेत होणार."

"अहो, लोकांची लग्नं माझ्या मालमत्तेत?" काका म्हणाले.

"मग ज्याचं त्याला पोचवा आणि सह्या आणा."

जुन्या पावत्यांवरचे पत्ते काढून काका फ्रेमा चादरीत गुंडाळून दारोदार निघाले. खळीवालं एक बाळ आता दाढी राखून होतं, त्यानं स्वतःला ओळखलंच नाही. टायवाल्या नवरदेवानं दार अर्धं उघडून फोटो पाहिला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "सही करतो, पण हा न्या बुवा परत. आमची आताची मंडळी आत आहेत." सही घेऊन काकांनी फोटो त्याच्याच दाराशी टेकवला आणि मागे न बघता जिना उतरले.

मिशीवाल्या आजोबांचा पत्ता मात्र बदलला होता. विचारत विचारत काका एका इमारतीच्या मागच्या बाजूच्या एका खोलीच्या घरात पोचले. आजोबांची बायको खिडकीशी बसून मटार सोलत होती. तिनं फोटो मांडीवर घेतला आणि बोटानं मिशी पुसली.

"हे गेल्यावर न्यायला यायचा धीर झाला नाही," ती म्हणाली. "मग कापडाचं दुकान बुडालं, आणि राहून गेलं."

"तुमचं ते मोठं घर होतं ना? ते गेलं?" काकांनी विचारलं.

"गेलं कुठे? तिथंच आहे. नव्या लोकांनी निळा रंग दिलाय, वाईट दिसतो." ती हसली. "मीच तेवढी निघून आले. आधी चार वर्षं हप्ते भरत तिथं बसले होते हो. घर होतं, पण मी एक दिवस धड झोपले नाही. इथं झोप लागते."

काका बराच वेळ तिच्यासोबत मटार सोलत बसले. मग तिनं दाखवलेल्या जागी खिळा ठोकून त्यांनी आजोबांना टांगलं.

घरी आले तर भिंती रिकाम्या. फोटो होते तिथं फिक्या रंगाचे चौकोन उमटले होते आणि खोली परक्याची वाटत होती. काकांना फार एकटं वाटलं. आपण इतकी वर्षं ज्याला घर म्हणत होतो ते सगळं आज चादरीत गुंडाळून लोकांना देऊन आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं," ते म्हणाले, "हे घर जाऊ दिलं तर तुला फार लागेल का?"

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला? अहो, हा जिना चढून माझे गुडघे गेले. रोज परक्या माणसांच्या काचा पुसल्या मी. तुमचा जीव आहे घरावर, म्हणून तोंड उघडलं नाही."

"माझा? मला वाटलं, तुझा."

काकूंना रडू आलं, आणि रडता रडता हसू फुटलं. सोमवारी त्यांनी वकीलबाईंना पहिली वाट सांगितली.

भाड्याची नवी जागा दोन खोल्यांची, तळमजल्यावर. मशीन गेलं होतं. पटाशी, हातकरवत आणि कोपरे आवळायचा शिकंजा तेवढा सोबत आला. सामान लावून झाल्यावर काकूंनी साड्यांच्या तळातून एक पाकीट काढलं. त्यात त्यांच्या दोघांच्या लग्नाचा फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला. काका 'पुढच्या आठवड्यात करू' म्हणायचे आणि गिऱ्हाइकांचं काम पुढे यायचं. काकूंनी मागे लागणं केव्हाच सोडून दिलं होतं.

काकांनी जेवणाच्या टेबलावरच लाकूड कापलं, कोपरे जुळवले, काच बसवली. फ्रेम भिंतीवर टांगून सवयीनं म्हणाले, "आठवडाभर राहू दे. सांधे बसू देत."

"आणि मग?" काकूंनी विचारलं.

काकांनी फ्रेम बोटानं सरळ केली. "मग काय, तिथंच," ते म्हणाले. "हा न्यायला कुणी येणार नाही."