ॲम्प्लिफायरला चिकटलेले हात

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मी मोडलं. त्यांच्याच काठीनं, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, आष्ट्यातल्या आमच्या राहत्या घरात. गल्लीत त्यानंतर बरंच काही बोललं गेलं. त्यातलं काही खरं होतं, काही नव्हतं. मी होते तिथे, म्हणून सांगते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते फौजेतून हवालदार होऊन परत आले, तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचा डावा कान पार गेला आणि उजव्यात चोवीस तास एक शिट्टी वाजत राहिली. त्या शिट्टीनं माणूस सतत चिडलेला असायचा. ताट जोरात ठेवलं तरी हात उगारायचे. धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या दिराला, त्यांनी लहानपणी पट्ट्यानं मारलंय, आणि भाऊजी तिशीचे झाले तरी काठी पायावर घालायला ते कमी करत नसत. सासूबाई, म्हणजे आत्या, मधे पडल्या की त्यांनाही एखादी बसायची. मला कधी मारलं नाही. सुनेवर हात उचलायचा नाही एवढा एक नियम त्यांनी पाळला होता.

भाऊजी पुण्यातली नोकरी सुटल्यावर घरी आले आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत गाण्यांचा संसार मांडला. कमरेइतके उंच दोन स्पीकर, जमिनीवर बसणारा एक मोठा दणक्याचा डबा, आणि कुणाकडून तरी आणलेला जुना, लोखंडी पेटीचा ॲम्प्लिफायर. पेटीला दोन्ही बाजूंनी उचलायला कड्या होत्या. ती फार तापायची म्हणून भाऊजींनी वरचं झाकणच काढून ठेवलं होतं. गाणं लागलं की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरायची.

माझे वडील साताऱ्यात वायरमन होते. खांबावर चढून चढून त्यांचे गुडघे गेले, पण विजेच्या बाबतीत ते आम्हा बहिणींना शाळेच्या अभ्यासापेक्षा जास्त दटावायचे. त्यामुळे उघडी पेटी बघून माझा जीव खालीवर व्हायचा. त्यातून टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकमेकांना जोडल्यापासून स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. भाऊजींनी मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला, प्लग उघडला आणि आतली अर्थिंगची हिरवी वायर पकडीनं कापून टाकली. घूं थांबली. ते खूश.

"भाऊजी, ती वायर जोडा परत," मी म्हटलं. "पेटीत करंट उतरला तर तीच वाचवते माणसाला."

"वहिनी, काय होत नाही. सगळे असंच करतात."

"झाकण तरी लावा."

"लावतो."

लावलं नाही. मीही दोनदा सांगून गप्प बसले. घरात आधीच रोज एक लढाई होती, दुसरी कशाला.

त्या रविवारी नवरा कामासाठी आटपाडीला गेला होता. मी बाहेरची खोली पुसली होती आणि फरशी अजून ओली होती. भाऊजींनी गाणं लावलं. मामा आंघोळ करून अनवाणी बाहेर आले, हातात ती जाड सागवानी काठी.

"बंद कर त्ये."

भाऊजींनी आवाज थोडा कमी केला.

"बंद कर म्हंतोय! मला कानात ऐकू येत न्हाई रं, छातीत येतंय! छातीत ठोकल्यागत हुतंय!"

"माझ्या घरात मी गाणंसुद्धा ऐकायचं नाही का?"

"तुजं घर?"

पहिली काठी स्पीकरवर पडली. जाळी आत गेली, पुढचा कागदी पडदा फाटला. भाऊजी ओरडत पुढे आले, तर दुसरी त्यांच्या खांद्यावर. त्यांनी काठी धरली आणि बापलेक एकमेकांना ढकलत खोलीभर फिरले. खुर्ची पडली. मी दारातून "मामा, सोडा, मामा" ओरडत होते. भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा वडिलांना मारलं. छातीवर, उघड्या पंजानं. मामा भिंतीवर जाऊन आदळले. एक क्षण दोघंही थांबले. मग मामांनी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि त्या उघड्या पेटीत घातली.

गाणं तुटलं. आतून ठिणगी उडाली, जळका वास आला. आत नेमकं काय झालं ते नंतर कळलं. विजेची आत येणारी वायर तिच्या जागेवरून उखडून लोखंडी पेटीला टेकली होती. हिरवी वायर शाबूत असती तर करंट जमिनीत गेला असता आणि मीटरजवळचा फ्यूज उडाला असता. ती नव्हती, म्हणून पेटी तशीच जिवंत राहिली.

"ह्ये घरातच नको," म्हणत मामांनी काठी टाकली, दोन्ही कड्या धरून पेटी उचलली आणि अंगणात फेकायला निघाले.

पेटीजवळची फरशी वाळली होती, म्हणून आधी त्यांना काही जाणवलं नाही; पेटीखालचा लाकडी स्टँड तेवढा अडकून त्यांच्याबरोबर दोन पावलं फरफटत गेला. मग तो सुटला, आणि मामा ओल्या फरशीवर दारात उभे राहिले ते उभेच. तोंडातून आवाज येत होता, पण तो माणसाचा नव्हता. दात आवळलेले, मान मागे ताणलेली, दंड थडथडत होते. पेटी हातातून सुटत नव्हती. भाऊजींना वाटलं अटॅक आला. "आप्पा!" म्हणत ते धरायला धावले.

मी त्यांच्या पोटात लाथ घातली. दुसरं काही सुचलंच नाही. ते दिवाणावर कोसळले.

"हात लावू नका! करंट आहे! प्लग काढा!"

प्लग लोखंडी कपाटाच्या मागे होता. कपाट सरकवल्याशिवाय हात पोचत नव्हता, आणि भाऊजी कपाटाला नुसते धडका देत होते. मेन स्विच बाहेर व्हरांड्यात, आणि दारात मामा. मी काठी उचलली. वडील सांगायचे, कोरडं लाकूड घे आणि स्वतः कोरड्यावर उभी राहा. मी दिवाणावर चढले आणि काठी घातली. पहिला फटका त्यांच्या कोपरावर घसरला, काही झालं नाही. दुसरा मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला काठीतून हातात कळला. उजवा हात निसटला, पेटी कलली, तिच्या वजनानं डावाही सुटला. पेटी त्यांच्या पायावर आपटून बाजूला पडली आणि ते तिच्या पलीकडे, व्हरांड्यात.

वायर हाताशी ताणलेली होती. ती ओढली असती तर कदाचित प्लग निघाला असता. हे मला चार दिवसांनी सुचलं.

नेमक्या त्याच वेळी आत्या परसातून आत आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: सून दिवाणावर उभी, हातात काठी, नवरा खाली पडलेला.

"माज्या नवऱ्याला मारतीस? सटवे, म्हाताऱ्याला मारतीस?"

त्यांनी माझा अंबाडा धरून मला दिवाणावरून खाली ओढलं. मी गुडघ्यावर पडले. पाठीत गुद्दे बसत होते. मी ओरडत होते, "आत्या, पेटीला हात लावू नका, मेन बंद करू दे," आणि त्यांना काहीच ऐकू जात नव्हतं. त्यांचा एक पाय पेटीपासून वीतभर लांब होता. मी त्यांना ढकललं, जोरात. त्या भिंतीशी बसल्या. मग पेटी ओलांडून मी व्हरांड्यात उडी मारली आणि मेन स्विच खाली ओढला.

मामांचा श्वास चालू होता, घरघरत. तळहात मधोमध काळे पडले होते. एव्हाना गल्ली दारात जमली होती. शेजारचे जैन काका शांत माणूस, आडतीचं दुकान आहे त्यांचं. त्यांनी काही न विचारता गाडी काढली. मागच्या सीटवर मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि आत्या पुढच्या सीटवरून सांगलीपर्यंत मागे वळून माझ्याकडे बघत होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शॉक कळला. पण हात कसा मोडला?"

"हिनं मारलं," आत्या म्हणाल्या. "शाक बसला तर बटण बंद करायचं का मानूस मारायचा?"

भाऊजी तिथेच होते. पेटीत करंट कसा आला असं विचारलं, तर म्हणाले, आप्पांनी काठी मारली म्हणून. ते खोटं नव्हतं. पण हिरव्या वायरीबद्दल आणि झाकणाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी स्वतःहून सांगावं असं वाटत होतं, एवढं खरं.

दोन दिवस तसेच गेले. आटपाडीहून आलेला माझा नवरा आईचं ऐकायचा, मग माझं ऐकायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा. पाहुणे आले. एक मावशी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, लई दिवसाचा राग काढला बघ पोरीनं.

ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसले. कारण त्यात काहीतरी खरं होतं. पहिली काठी मी त्यांना सोडवायला मारली. दुसरी मारताना, त्या अर्ध्या क्षणात, भाऊजींच्या खांद्यावर बसलेली काठी, आत्यांच्या हातावरचे वळ, सगळं माझ्या दंडात आलं होतं. त्याच जोरानं ते सुटले, हेही खरं. मी वडिलांना फोन करून हे सांगितलं.

"चिकटलेल्या माणसाला हळू मारून सोडवता येत नाही, बाळ," ते म्हणाले. "पण फरशी ओली का होती?"

तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला. अशी केस आली की दवाखान्याला कळवावंच लागतं. त्यानं आत्यांना विचारलं, मला विचारलं, लिहून घेतलं. मग भाऊजींकडे वळला, "तुमचं काय?"

भाऊजी म्हणाले, "अर्थिंगची वायर मी कापली होती. झाकणही मीच काढलं होतं. वहिनींनी दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. त्यांनी मला लाथ घालून अडवलं नसतं तर मी आप्पांना धरलं असतं, आणि तुम्हाला दोन मयतांचा पंचनामा लिहायला लागला असता."

आत्या उठल्या. पायातली चप्पल काढली आणि दवाखान्याच्या भरल्या व्हरांड्यात त्यांनी पोटच्या पोराला मारायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, पाठीवर. भाऊजींनी हात वर केले नाहीत. पोलिसानंच त्यांना धरलं. मग त्या बाकावर बसून मोठ्यानं रडल्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी डबा आला तेव्हा पहिली भाकरी माझ्या हातात दिली, इतकंच.

मामा नीट शुद्धीवर आल्यावर त्यांनी प्लास्टरकडे बघितलं. "कुनी मोडला?"

"मी, मामा."

"काठी मोडली का?"

"नाही."

"चांगली काठी हाय ती," म्हणाले आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर पहिलं काम भाऊजींनी केलं ते इलेक्ट्रिशियन बोलावण्याचं. अंगणात खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केलं, करंट गळला की वीज तोडणारा स्विच मीटरजवळ बसवला. मी आणि ते सगळ्या खोल्यांतून एकेक प्लग उघडून बघत फिरलो. मिक्सरच्या प्लगमधली हिरवी वायरही सुटलेली निघाली. ती मी रोज वापरत होते.

मामांचं मनगट वाकडंच जुळलं. उजव्या हातानं त्यांना पेला धरता येतो, काठी धरता येत नाही. पाहुण्यांना ते मोठ्यानं सांगतात, "सुनंनं हानलं म्हून जगलो." त्यांनी हे सांगायला सुरुवात केली की मी आत जाते.

प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात पुन्हा एकदा भांडण झालं, पाण्याच्या मोटारीवरून. मामांनी डावा हात उगारला. भाऊजींनी तो वरच्या वर पकडला. पिरगळला नाही, ढकललं नाही. नुसता धरून ठेवला. आत्या चुलीपाशी उभ्या राहिल्या, मीही. किती वेळ गेला कोण जाणे. मग भाऊजींनी तो हात हळूच खाली आणला आणि सोडला. मामा अंगणात जाऊन बसले. त्यानंतर घरात त्यांनी कुणावर हात उगारलेला मी पाहिलेला नाही. शिव्या देतात. त्या देतील.

भाऊजींना पुढे फलटणला कारखान्यात विजेच्या खात्यात काम मिळालं. ते निघाले त्या सकाळी आत्यांनी चटणीचे डबे बांधले आणि नवऱ्यानं सामान टेंपोत चढवलं. मामा उठून फाटकापर्यंत आले, ड्रायव्हरला म्हणाले, "सांभाळून न्या गड्या," आणि मागच्या फळीची कडी डाव्या हातानं, दोनदा प्रयत्न करून, स्वतः लावली.