आळीच्या पत्रिका

माझं लग्न ठरलं तेव्हा दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही जयपुरात खातीपुऱ्याला भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा विमा कंपनीत अधिकारी. वीस वर्षं इथे काढली तरी त्यांनी इथे घर घेतलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मग थेट कोकणात, समुद्रालगतच्या आपल्या आळीत जाऊन राहायचं, हे त्यांचं पक्कं होतं. आईला कुणी विचारलं नव्हतं.

पत्रिका छापून आल्या तसे बाबा चटईवर मांडी ठोकून बसले आणि आळीतलं एकेक घर आठवत पाकिटांवर पत्ते घालू लागले.

"अहो, निम्मी माणसं तिथे नसतील आता," आई म्हणाली.

"नसायला काय झालं? आळीला केवढा भाव आलाय!"

भाव आला होता हे खरं. मुंबईचे डॉक्टर नि बिल्डर तिथे सुट्टीसाठी बंगले बांधत होते. एक दलाल अधूनमधून जयपूरला फोन करायचा. बाबा "विकायचं नाही" म्हणून फोन ठेवायचे आणि दिवसभर खुशीत असायचे. समुद्राची किंमत शेवटी लोकांना कळली म्हणायचे, जणू समुद्र त्यांनीच आणून ठेवला होता. आळी श्रीमंत झाली म्हणजे आळीतली माणसं सुखात आहेत, असं ते सरळ धरून चालले होते.

पहिली पत्रिका देवाला, म्हणून पहिलं पाकीट त्यांनी आमच्याच गावच्या घरी धाडलं. घराची किल्ली शेजारच्या काकांकडे असायची. तेच आमच्या देवांपुढे दिवा लावत, तेच पत्रिका ठेवतील.

"मतलब, देवाला पोस्टाने?" मला हसू आवरेना.

"आळीला बोलवायचं नि घराला वगळायचं होय गो?" बाबा म्हणाले.

दोन-तीन आठवड्यांनी पाकिटं परत यायला लागली. 'गाव सोडून गेले.' दुसऱ्यावरही तेच, तिसऱ्यावरही. बाबांनी आधी पोस्टमनला नावं ठेवली, मग माणसांना. "जमिनी विकून मोकळे झाले. कुणाला कशाची चाड नाही," असं जेवताना रोज चालायचं. आम्ही माना खाली घालून जेवायचो. मग शेजारच्या काकांचं पाकीट परत आलं. त्यांचा मुलगा पुण्याला होता, त्याच्याकडे गेले असणार. ते गेले कधी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडून त्यांना वर्षभरात एक फोन गेला नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्याच घरचं पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'घर बंद'.

बाबा ते हातात धरून बराच वेळ दारातच उभे राहिले. या वेळी त्यांनी कुणालाच नावं ठेवली नाहीत. मी हसले होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, फोडलं आणि पत्रिका स्वयंपाकघरातल्या देवांपुढे ठेवली. त्या दिवसापासून जेवताना आळीचा विषय निघाला नाही. लग्न जयपुरातच झालं, आळीतलं कुणी आलं नाही.

चार-पाच महिन्यांनी मी माहेरी आले तेव्हा बाबा म्हणाले, चल, मालवीय नगरात एक फ्लॅट बघायचाय. मी आईकडे पाहिलं. ती साडी बदलून तयार होती.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. ब्रोकर उत्साहाने सांगत होता, मार्केट जवळ, कोचिंग सेंटर जवळ, मोठमोठे लोक इकडे यायला लागलेत. "साहब, दो साल में भाव कहाँ से कहाँ जाएगा, देखना."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतीकडे बघत होते. तिथे दोरीवर कपडे वाळत होते.

"भाव रहने दो, भैया," ते म्हणाले. "सामने लोग रहते हैं ना? साल भर?"